लग्नखर्च आणि शेतकऱ्याचे कर्ज

१८७५ साली पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांच्या चौकशी कमिशनाने असे नमूद केले की, कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. लग्ने क्वचित येतात, व कर्जाचे मूळ त्यांत विरळाच सापडते. हे खरे; तथापि आमचे म्हणणे असे की, लग्न क्वचित येते, पण व्याज दरमहा येते. दरमहा दरशेकडा २ रुपये व्याजाने १ लाख रुपये काढल्यास वर्षाचे व्याज २४,००० रुपये होते. ५० महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरूनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. हुंडा तर १९६१ च्या कायद्याने गुन्हाच आहे. सबब, शेतकरी बंधूंनी आधी घरची शिल्लक मोजावी, मग याद्या कराव्यात, आणि मांडव शिलकेपुरताच घालावा.