केशरोपणानंतरची त्वचा : एका वर्षाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण माझ्या निपाणीच्या मामांनी लग्नाआधी बेळगावात केशरोपण करून घेतले आणि डॉक्टरांचे कन्नड सूचनापत्र मराठीत समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात एक वाक्य होते : ‘हक्कळे कीळबारदु’, म्हणजे खपल्या उपटू नयेत. त्या वाक्यामागचे शास्त्र शोधताना जे कळले, ते येथे मांडतो.

कातडीचे कलम आपल्याकडे नवे नाही. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवण्यात आले. ती हकिकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. तेथे कातडीचा एक देठ कपाळाशी जोडलेलाच ठेवला होता, म्हणून रक्तपुरवठा चालू राहिला. केशरोपणात असा देठ नसतो. डोक्याच्या मागील भागातून एक ते चार केसांचा पुंजका मुळासकट काढून टकलाच्या जागी रोवतात. पहिले काही दिवस तो भोवतालच्या द्रवावर जगतो. मग त्याला नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडल्या जातात. मागचे केस नव्या जागीही आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली मांडले.

आता बरे होण्याचा क्रम पाहू. पहिल्या दोन-तीन दिवसांत कपाळावर सूज येते. कधी ती पापण्यांपर्यंत उतरते. रोवलेल्या प्रत्येक जागी बारीक खपली धरते. ती साधारण सात ते चौदा दिवसांत सौम्य धुण्याने आपोआप सुटते. तत्पूर्वी ओढली तर मुळासकट पुंजका निघू शकतो. लाली काही आठवडे, क्वचित काही महिने राहते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळसर डागही राहू शकतात, म्हणून ऊन टाळावे. केस एकेक करून काढले असतील, तर मागे बारीक पांढरट ठिपके उरतात. कातडीची पट्टी काढली असेल, तर एक रेघ उरते.

आमचे निपाणी तंबाखूचे गाव. मामा वखारीत कामाला, विडीचा नाद जुना. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या कलमाला प्राणवायू कमी मिळतो. डॉक्टरांनी विडी बंद करायला सांगितली तेव्हा मामा म्हणाले, “केसांसाठी विडी सोडायची?” पण सोडली.

खरी परीक्षा पंचविसाव्या दिवशी आली. लावलेले केस उशीवर गळू लागले. मामा माझ्यावरच चिडले, “अरे, पैसे पाण्यात गेले की रे! तू वाचलंस तरी काय?” मी पत्र पुन्हा वाचून दाखवले. दोन ते सहा आठवड्यांत वरचा केस गळतो, मूळ आत विश्रांती घेते; नवा केस तीन-चार महिन्यांनी उगवू लागतो आणि पूर्ण निकाल वर्षभराने दिसतो. मामांना ते पटले नाही, पण ते गप्प राहिले. चौथ्या महिन्यात बारीक लव दिसली, तेव्हा त्यांनी स्वतःहून मला आरशापाशी बोलावले.

मात्र गळणे निराळे आणि धोका निराळा. वाढत जाणारी वेदना, पू, ताप किंवा काळा पडणारा कातडीचा चट्टा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखमेचे वण गाठीसारखे वाढण्याची प्रवृत्ती असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे.

आणखी एक गोष्ट. बेळगावला जाण्यापूर्वी मामांना एका ठिकाणी निम्म्या दरात हे काम करून देतो असे सांगण्यात आले होते. तेथे डॉक्टर कोण, हे विचारल्यावर सरळ उत्तर मिळाले नाही, म्हणून आम्ही परतलो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे की, हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच करावे. चित्रफिती पाहून शिकणे पुरेसे नाही.

मित्रहो, पहिल्या महिन्याचा तोटा पाहून कोणी वर्षाचा ताळेबंद मांडत नाही. कातडीलाही तिचे आर्थिक वर्ष पुरे करू द्यावे.