विलापगीत : अन्याय व वियोग ह्यांत कवितेचे काम

पाठाकरिता वाचावे : विलापगीत, अध्याय १, ३ व ५, दुसरे राजे, अध्याय २५, योहान ९:१-३.

मंडळीतील एखाद्या घरी मृत्यू झाला, अथवा एखाद्या कुटुंबाची जमीन बळजबरीने गेली, म्हणजे उपदेशकास तेथे जावे लागते. तेथे गेल्यावर काय बोलावे हे त्यास सुचत नाही, मग तो घाईने म्हणतो, “रडू नका, देवाची इच्छा.” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु ऐकणाऱ्याचे दुःख गळ्यातच अडकून राहते. अशा प्रसंगी आपणांस उपयोगी पडेल असे एक लहानसे पुस्तक पवित्र शास्त्रात आहे. त्यात पाच कविता आहेत, आणि रडणाऱ्याला गप्प बसवणारा त्यांत कोणीही नाही. ह्या आठवड्यात त्याचाच अभ्यास करू.

प्रसंग. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याने यरुशलेमेस सुमारे दीड वर्ष वेढा दिला. नगरात अन्न उरले नाही. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास तट फुटला, मंदिर जाळण्यात आले, सिद्कीया राजास आंधळे करून बेड्या घालून नेले आणि पुष्कळ लोकांस बंदिवान केले. द्राक्षमळे व शेते करण्यासाठी काही कंगाल तेवढे मागे ठेवले. परंपरा ह्या कविता यिर्मयाच्या मानते. पुस्तकात मात्र कवीचे नाव नाही. नाव कोणाचेही असो, उद्ध्वस्त नगर ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याचे हे शब्द आहेत असे वाचताना वाटते.

रचना. इब्री भाषेत ह्या पुस्तकास त्याच्या पहिल्या शब्दावरून नाव पडले आहे, त्या शब्दाचा अर्थ “कसे!” असा होतो. इब्री वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत २२ वचने असून प्रत्येक वचन क्रमाने पुढल्या अक्षराने आरंभते. तिसऱ्या अध्यायात एकेका अक्षराची तीन तीन वचने, म्हणून एकंदर ६६. आपल्या मुलांनी पाटीवर क, ख, ग असे लिहीत जावे आणि प्रत्येक अक्षरापुढे घरचे एकेक दुःख मांडावे, तसे हे आहे. भाषांतरात ही रचना दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

कवीने असे का केले असावे? एक तर, वर्णमाला संपेपर्यंत तो बोलतो. म्हणजे दुःखाचा कोणताही कोपरा वगळत नाही. दुसरे, वर्णमालेस शेवट असतो. म्हणून विलापासही काठ मिळतो आणि रडणारा त्यात बुडून जात नाही. तिसरे, अक्षरांच्या क्रमाने बांधलेली कविता पाठ राहते. ज्यांचे घर, मंदिर व राज्य गेले, त्यांच्यापाशी पाठांतर हेच धन उरते. यहूदी लोक मंदिराच्या नाशाच्या स्मरणदिनी हे पुस्तक आजही वाचतात, हे लक्षात घ्यावे.

पाचव्या अध्यायातही वचने २२ आहेत, परंतु तेथे अक्षरांचा क्रम नाही. जणू काय बोलता बोलता कवीचे बळ सरले आहे.

कविता साक्ष देते. पाचवा अध्याय सावकाश वाचा. त्यात दुःख मोघम नाही. वतन परक्यांकडे गेले. पिण्याचे पाणी व जळणाचे लाकूड विकत घ्यावे लागते. भाकर आणावयास जावे तर जिवाची भीती. स्त्रियांची अब्रू लुटली गेली. तरुण जात्यास जुंपले, आणि मुले लाकडांच्या ओझ्याखाली कोलमडली. कवी प्रत्येक गोष्टीस तिच्या नावाने हाक मारतो. आपल्याच देशाचे पाणी परक्यांकडून घ्यावे लागणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील लोकांस निराळे समजावून सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या पाण्याचा हक्क न्यायालयात ठरावयास १९३७ साल उजाडावे लागले.

दोष कोणाचा? येथे उपदेशकाने फार जपून चालावे. विलापगीतातील लोक आपले पाप कबूल करतात, हे खरे. परंतु तेच पुस्तक खोटी दर्शने सांगणाऱ्या संदेष्ट्यांस व निर्दोषांचे रक्त सांडणाऱ्या याजकांसही दोष देते, आणि आईच्या कुशीत भुकेने प्राण सोडणाऱ्या लेकरांपुढे कवीचे डोळे रडून रडून क्षीण होतात. त्या लेकरांस तो पापी म्हणत नाही. ईयोबाच्या मित्रांनी दुःखितास अपराधी ठरवले व देवाचा राग ओढवून घेतला. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी “पाप कोणाचे?” असे विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच नाकारला.

आमच्या प्रांतातील एक उदाहरण ह्याच ठिकाणी पाहण्याजोगे आहे. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा ह्यांस महार म्हणून पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्यास तटाचे काम चालले असता भिंत कोसळून ते मजुरांबरोबर मरण पावले, आणि त्यांची समाधी देवळाच्या बाहेर, दारासमोर झाली. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका व मुलगा कर्ममेळा ह्या सर्वांच्या नावांवर अभंग आहेत. चोखोबांच्या काही अभंगांत आपली हीन स्थिती पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ म्हणून सोसलेली दिसते. काहींत विटाळ मानणाऱ्यांस रोखठोक प्रश्न आहे. मुलाच्या अभंगांत तर थेट देवालाच जाब विचारलेला आहे. एकाच घरात दोन पिढ्यांमध्ये शब्द कसे धीट होत गेले ते पाहा. ते देऊळ अस्पृश्य मानलेल्यांस १९४७ साली खुले झाले, आणि त्याकरिता साने गुरुजींस प्राणांतिक उपोषण करावे लागले. म्हणजे तो प्रश्न सहाशे वर्षे अभंगांतून जिवंत राहिला होता.

देवाचे मौन. विलापगीतात देव आपण होऊन उत्तर देत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या ५७ व्या वचनात कवी पूर्वी मिळालेल्या धीराची आठवण काढतो, एवढेच. देवाच्या दयेविषयीची प्रसिद्ध वचने पुस्तकाच्या मध्यभागी आहेत, शेवटी नाहीत. त्यांच्या पुढेही रडणे चालूच राहते, आणि शेवटच्या वचनात प्रश्न उघडाच राहतो. ह्यावरून आम्ही असे शिकतो की आशा धरलेल्या मनुष्यासही पुन्हा रडू येते, आणि त्यामुळे त्याचा विश्वास खोटा ठरत नाही. जो देवाकडे तक्रार घेऊन जातो त्याने देवास सोडलेले नसते. प्रभू येशूनेही वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचाच आक्रोश आपल्या मुखी घेतला.

कवितेने काय होते व काय होत नाही. कवितेने पोट भरत नाही, गेलेली जमीन परत येत नाही. त्यासाठी अर्ज लिहावा लागतो, साक्षी उभ्या कराव्या लागतात, शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे लागते. गीते गाऊन न्याय विसरणाऱ्यांचा देवास वीट येतो, असे आमोस संदेष्टा सांगतो. तथापि जो अन्यायास नशीब समजतो तो अर्जही लिहीत नाही. “हे झाले, हे आम्हांस झाले, आणि हे बरोबर नाही” एवढे म्हणावयास आधी शब्द लागतात. ते शब्द विलाप देतो.

उपदेशकांकरिता सूचना.

१. दुःखाच्या घरी प्रथम ऐकावे, मग वाचावे. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते.

२. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाया आपले माहेर, सासर व मेलेले लेकरू ओवीत आणतात. ती ओवी अडाण्याची म्हणून टाकू नये. तिच्यात त्या घराची साक्ष असते.

३. उपासनेत केवळ आनंदाचीच गीते निवडू नयेत. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी पुष्कळ विलापाची आहेत.

४. ज्याच्यावर अन्याय झाला त्यास त्याचे पाप शोधावयास सांगू नये.

वर्गात विचारावयाचे प्रश्न.

१. पाचव्या अध्यायातील कोणकोणती दुःखे आपल्या गावात आढळतात?

२. त्यांपैकी कोणते दुःख देवापुढे मांडावयाचे, आणि कोणते देवापुढे व सरकारदरबारीही?

३. आपल्या मंडळीत असा कोण आहे, ज्याचे रडणे अद्याप कोणी ऐकलेले नाही?

यरुशलेम नगरी विधवेसारखी एकटी बसली असून तिचे सांत्वन करणारा कोणी नाही, ही तक्रार पहिल्या अध्यायात पुनःपुन्हा येते. ती वाचून झाल्यावर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने मनात द्यावे, आणि पुढला रविवार येण्यापूर्वी त्या घरी जाऊन यावे.