फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आणि दुसरे डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर. ही हकिकत दुसऱ्या मानपाड्याची. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी रस्त्याकडेच्या गॅरेजात एक जुनी मोटार उभी होती. मागचे दिवे लावले की तिचा फ्यूज उडे. दोन फ्यूज वाया गेल्यावर चालकाने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवली. दिवे काही लागले नाहीत, पण डॅशबोर्डखालून धूर मात्र येऊ लागला!

असे का व्हावे? मोटारीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. परतीची वायर नसते. बॅटरीचे ऋण टोक पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रवाह सांगाड्यातूनच परततो. मिस्त्री याला ‘अर्थ’ म्हणतात, जमिनीशी त्याचा संबंध नाही. दिव्याकडे जाणाऱ्या वायरचे आवरण वाटेत कोठे घासून तांबे पत्र्याला टेकले, की प्रवाहाला दिव्यापर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. तो तेथूनच परत फिरतो. पाठ्यपुस्तकात याला लघुपरिपथन म्हटले आहे, गॅरेजात ‘शॉर्ट’.

आता थोडे गणित करू. ५ वॅटचे चार दिवे १२ व्होल्टवर मिळून सुमारे १.७ अँपिअर प्रवाह घेतात. शॉर्ट झाल्यावर दिव्यांचा रोध मंडलातून नाहीसा होतो. उरतो तीन मीटर वायरचा, समजा ०.०३५ ओहम, आणि बॅटरीचा अंतर्गत, समजा ०.०१५ ओहम. एकूण ०.०५ ओहम. १२ ला ०.०५ ने भागा : २४० अँपिअर! वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे २,००० वॅट. न्हाणीघरातल्या गीझरएवढी ही शक्ती बोटापेक्षा कितीतरी बारीक वायरमध्ये कोंडली जाते. फ्यूज असता तर तो क्षणात वितळून सुटका झाली असती. चांदीच्या कागदाने ती वाट बंद केली.

मिस्त्रीने प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. आधी ऋणच का? धन टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर पान्यातूनच शॉर्ट होईल. ऋण टोक आणि पत्रा मुळात जोडलेलेच, तेथे पाना लागला तरी बिघडत नाही. जळालेला वायरचा तुकडा बदलल्यावर त्याने फ्यूजच्या जागी २१ वॅटचा एक दिवा जोडला आणि बॅटरी पुन्हा लावली. ही युक्ती मला फार आवडते. या दिव्याचा रोध सुमारे ७ ओहम. म्हणजे पुढे कितीही मोठा शॉर्ट असला तरी प्रवाह १.७५ अँपिअरपलीकडे जाऊ शकत नाही. फ्यूजही वाचतात आणि वायरही.

मात्र येथे घाई करणारा फसतो. दिवा पेटला म्हणजे शॉर्ट आहेच असे नाही. मागचे चार दिवे जागेवर असतील, तर निर्दोष मंडलातही प्रवाह वाहतो. १२ व्होल्ट दोन भागांत वाटले जातात आणि परीक्षेचा दिवा मंद जळतो. म्हणून मिस्त्रीने आधी चारही बल्ब होल्डरमधून काढले. तरीही दिवा लख्ख पेटला. आता शंका उरली नाही.

पण शॉर्ट नेमका कोठे? वायरींचा जुडगा हलवत जायचे. दिवा लुकलुकला की जागा जवळ आली. दुसरा उपाय चुंबकसूचीचा. विद्युतप्रवाहाने सूची हलते हे ओर्स्टेडने १८२० साली दाखवले. १.७५ अँपिअरच्या वायरपासून एक सेंटिमीटरवर चुंबकीय क्षेत्र सुमारे ३५ मायक्रोटेस्ला येते. आपल्याकडे पृथ्वीचे क्षितिजसमांतर क्षेत्रही जवळजवळ तेवढेच आहे. तेव्हा वायर उत्तर-दक्षिण असेल, तर सूची ४० अंशांहून अधिक वळेल. मोटारीचा पत्रा लोखंडी, त्यामुळे सूची आधीच भलतीकडे पाहते. पण दिव्याचा खटका चालू-बंद केला की ती हलते किंवा हलत नाही, एवढेच बघायचे. शॉर्टच्या जागेपर्यंत ती हलते. त्यापुढे वायरमध्ये प्रवाहच नाही. घरातल्या जोडवायरवर हा प्रयोग जमत नाही, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. मोटारीत परतीची वायर नाही हे येथे आपल्या पथ्यावर पडते.

त्या मोटारीत दोष सापडला डिकीजवळ. पत्र्याच्या भोकातले रबर गळून गेले होते आणि धारेवर वायर घासत होती. नवी वायर, नवे रबर, आणि परीक्षेचा दिवा विझला.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या मोटारींत वायरी मोजक्याच असत. आजच्या मोटारीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि एअरबॅग असतात. तेथे असा दिवा लावणे धोक्याचे आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी केबल तर शेकडो व्होल्टची, तिला हातसुद्धा लावू नका.

घरी मात्र टॉर्चचे दोन सेल, ०.३ अँपिअरचा बल्ब आणि चुंबकसूची घ्या. वायर उत्तर-दक्षिण ताणून सूची तिच्याखाली एक सेंटिमीटरवर ठेवा. किती अंश वळेल ते आधी गणिताने काढा. माझे उत्तर ९ आले आहे.