ताईच्या साखरपुड्याची अंगठी आणि ग्राइंडिंग व्हील

मराठी विभागासाठी लिही असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी घाबरलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझ्या मराठीची दशा तुम्हाला ठाऊकच आहे! पण गेल्या वर्षी घरी एक प्रसंग घडला आणि त्यात मटेरियल सायन्सचा एक धडा अगदी फुकटात शिकायला मिळाला. तोच इथे मांडते.

माझं गाव खुलताबाद. भद्रा मारुतीच्या वाटेवर बाबांचं नारळ, फुलं आणि रुईच्या माळांचं छोटं दुकान आहे. शनिवारी आणि हनुमान जयंतीला गर्दी, एरवी आपलं बेताचंच. ताईचं लग्न ठरलं आणि पाहुण्यांकडून सहज एक वाक्य आलं, "मुलाला हिऱ्याची अंगठी घाला म्हणजे झालं." बोलणाऱ्यानं सहज म्हटलं, पण बाबा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी म्हणाले, "पतसंस्थेतून कर्ज काढू." ताई काहीच बोलली नाही. मला मात्र राहवलं नाही आणि मी वाचायला बसले.

मोइसनाइट म्हणजे काय?

१८९३ मध्ये हेन्री मोइसान या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला अमेरिकेतल्या ॲरिझोना इथल्या उल्केच्या तुकड्यात बारीक चमकदार कण सापडले. आधी त्याला ते हिरे वाटले! १९०४ मध्ये कळलं की ते सिलिकॉन कार्बाइड आहे. त्याच्याच नावावरून या खनिजाला मोइसनाइट म्हणतात. (याच मोइसानला १९०६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते फ्लोरिन वेगळा केल्याबद्दल आणि विद्युत भट्टीबद्दल.) निसर्गात हे फारच थोडं आणि अगदी बारीक सापडतं. त्यामुळे दागिन्यातला प्रत्येक मोइसनाइट कारखान्यात वाढवलेला असतो. दागिन्यांसाठी तो बाजारात आला १९९८ च्या सुमारास.

आता गंमत बघा. आपल्या वर्कशॉपमध्ये कार्बाइड टूलला धार लावायचं हिरवं व्हील आहे ना, तेही सिलिकॉन कार्बाइडच! इलेक्ट्रिक गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये जे नवे मॉसफेट वापरतात, तेसुद्धा त्याचेच. म्हणजे एकच पदार्थ मशीन शॉपमध्ये, गाडीत आणि बोटात.

काठिण्य का बघायचं?

आमच्या गावापासून वेरूळ चार-पाच किलोमीटर. लेण्यांबाहेर विक्रेते पांढरे, हिरवट स्फटिक विकतात. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत ते तयार होतात. दिसायला फार सुंदर! लहानपणी मला वाटायचं, यातलाच एक अंगठीत बसवावा. पण त्यातल्या झिओलाइटचं काठिण्य मोहस् स्केलवर साधारण साडेतीन ते पाच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचं ७. म्हणजे रोज धूळ पुसतानाच खडा ओरबाडला जाणार. अमेरिकन डायमंड म्हणून विकतात तो क्युबिक झिरकोनिया ८ ते ८.५, मोइसनाइट ९.२५ आणि हिरा १०. रोज वापरायच्या अंगठीला मोइसनाइट का चालतो, ते यावरून कळेल.

पेन वाजला, पण...

बाबा, ताई आणि मी शहरात एका दुकानात गेलो. दुकानदारानं एक अंगठी काढली. भाव ऐकून बाबांचा चेहरा उजळला, हिऱ्याच्या मानानं फारच कमी होता. दुकानदारानं पेनसारखं यंत्र खड्याला टेकवलं, ते पीं करून वाजलं. "बघा, अस्सल हिरा!"

मी सकाळीच वाचलेलं होतं. ते पेन खड्यातून उष्णता किती लवकर वाहते ते बघतं. हिरा उष्णतेचा उत्तम वाहक आहे आणि मोइसनाइटसुद्धा त्याच्या जवळपास आहे. म्हणून साधा पेन दोघांनाही हिराच म्हणतो. मी दहापट भिंग मागितलं. खडा थोडा तिरका धरून आत पाहिलं, तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसत होत्या. मोइसनाइटमध्ये प्रकाशाचा किरण दोन वाटांनी फुटतो, हिऱ्यात तसं होत नाही. (सरळ वरून पाहिलं तर हे दिसत नाही, तिरकंच बघावं लागतं.) मी हळूच विचारलं, "काका, हा मोइसनाइट आहे का?" त्यांनी अंगठी परत ट्रेमध्ये ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. आम्ही बाहेर आलो. बाबा पायरीवरच बसले. त्यांचे हात थरथरत होते.

खडा वाईट नव्हता हो. वाईट होतं ते त्याला दिलेलं नाव.

निवड कशी करावी?

पुढच्या दुकानात दुकानदारानं स्वतःच "हा मोइसनाइट आहे" असं सांगितलं. तिथे आम्ही जे पाहिलं ते असं:

१) बिलावर 'मोइसनाइट' हा शब्द लिहून घ्या. नुसतं 'खडा' किंवा 'डायमंड' चालणार नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा ही वेगळी वस्तू आहे, तो खरोखरचा हिराच असतो. गल्लत करू नका.

२) आकार मिलिमीटरमध्ये विचारा. ६.५ मिमीचा गोल हिरा साधारण १ कॅरेट भरतो. मोइसनाइटची घनता कमी (३.२२, हिऱ्याची ३.५२), म्हणून तेवढाच खडा सुमारे ०.९ कॅरेट भरतो.

३) खडा ट्यूबलाइटखाली बघा आणि दाराबाहेर उन्हातही बघा. काहींत हिरवट किंवा करडी झाक दिसते. मोइसनाइट रंगांच्या ठिणग्या हिऱ्यापेक्षा जास्त टाकतो. कुणाला ते आवडतं, कुणाला भडक वाटतं. मोठ्या खड्यात ते जास्त जाणवतं.

४) सोन्यावर हॉलमार्क बघा. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी सक्तीचा आहे, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण लक्षात ठेवा, हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल काही सांगत नाही!

५) खडा धरणाऱ्या नख्या बोटानं चाचपा. हातानं काम करणाऱ्याला चारपेक्षा सहा नख्या बऱ्या.

६) पुढे विकून पैसे येतील ही आशा खड्यापुरती सोडा. किंमत येईल ती सोन्याचीच.

काळजी (हॉस्टेलवाल्यांसाठी खास)

हॉस्टेलमध्ये बऱ्याच मुली चांदीतले मोइसनाइटचे टॉप्स घालतात, म्हणून हे सांगते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ जुना टूथब्रश, एवढं पुरे. खड्याची मागची बाजू घासा, कारण मळ तिथेच बसतो. धुणं बादलीत किंवा वाटीत करा. आपल्या बाथरूमच्या मोरीनं किती टॉप्स गिळलेत ते मावशींना विचारा! मग मऊ सुती कापडानं कोरडं करा. बोअरच्या जड पाण्याचे थेंब तसेच वाळले की पांढरट डाग राहतात.

कधी खड्यावर तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी छटा येते. खडा खराब झाला असं समजू नका, तो वरचा थर असतो. दागिने पुसायच्या पॉलिशच्या कापडानं बहुधा निघतो. चांदी मात्र काळी पडते. तो चांदीचा गुण, खड्याचा दोष नाही. पीठ मळताना, तेल लावताना आणि ब्लीचनं फरशी पुसताना अंगठी काढून ठेवा. मोत्यांबरोबर एकाच डबीत टाकू नका, मोइसनाइट त्यांना ओरखडे पाडेल. आणि वर्षातून एकदा सोनाराकडून नख्या तपासून घ्या. खडा झिजून जात नाही, पडून हरवतो.

शेवटी...

अंगठी घेतली, कर्ज टळलं. पण प्रश्न उरला, पाहुण्यांना सांगायचं का? आई म्हणाली, "कोण भिंग घेऊन बघणार आहे?" ताई म्हणाली, "आई, ज्या दुकानातून आपण उठून आलो, तेच आपण करायचं का?" आणि तिनं सगळ्यांसमोर दाजींना फोन लावला. दाजी वाळूज एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दिवसभर सिलिकॉन कार्बाइडचं व्हील चालवायचं आणि घरी येऊन तेच बोटात घालायचं? चालेल!" त्यांच्या आई जरा गप्प झाल्या, हेही खरं सांगते. पण साखरपुड्यात त्यांनीच अंगठी हातात घेऊन शेजारणीला सांगितलं, "मोइसनाइट आहे. नवीन असतंय."

बाबांनी तो शब्द अजून नीट म्हटलेला नाही. ते 'मोहिनीनाथ' म्हणतात!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल