मापाचा कपडा आणि महामारींतील नियम

नवा कपडा विकत घेण्यापूर्वीं तो अंगांत घालून पाहणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं, तिजविषयीं पाठ लिहावा असें एरवीं कोणाच्या मनांतही आलें नसतें. परंतु सन २०२० मध्यें या नित्याच्या गोष्टीस सरकारी आज्ञेनें मनाई झाली. ती कां झाली, शास्त्राच्या दृष्टीनें ती कितपत बरोबर होती, आणि तिचा भार शेवटीं कोणाच्या पदरीं पडला, याचा विचार आम्हीं येथें करावयाचें योजिलें आहे. आज खालच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांस तो काळ स्मरत नसेल. त्यांनीं घरीं आईबापांस विचारावें.

प्रथम वृत्तांत सांगूं. जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं कोविड-१९ या रोगाची जगभर महामारी पसरल्याचें जाहीर केलें, आणि २५ मार्चपासून आपल्या देशांत टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. वर्षप्रतिपदेस नवें वस्त्र अंगावर घालावें अशी आपल्याकडील रीत. त्या वर्षीं पेटींतील जुन्यावरच भागवावें लागलें. पुढें २५ मे रोजीं रमजान ईद आली, तेव्हांही मोठ्या शहरांतील कापडाचे बाजार बंदच होते. मधल्या दोन महिन्यांत लग्नसराई आली आणि गेली. अखेरीस महाराष्ट्र सरकारनें टप्प्याटप्प्यानें निर्बंध सैल करण्यास आरंभ केला. ५ जूनपासून मुंबई, पुणें, नागपूर इत्यादि शहरांत रस्त्याच्या एका बाजूचीं दुकानें एके दिवशीं व दुसऱ्या बाजूचीं दुसऱ्या दिवशीं, सकाळीं ९ पासून सायंकाळीं ५ पर्यंत उघडण्यास परवानगी मिळाली. मॉल मात्र ५ ऑगस्टपर्यंत उघडले नाहींत. या परवानगीच्या आज्ञेंतच कपड्यांच्या दुकानांसाठीं दोन अटी होत्या. पहिली अट अशी कीं, ट्रायल रूम, म्हणजे कपडा घालून पाहण्याची खोली, चालूं ठेवूं नये. दुसरी अशी कीं, विकलेला माल बदलून देऊं नये किंवा परत घेऊं नये.

या दोन अटी निरनिराळ्या वाचल्या तर फारशा जाचक वाटत नाहींत. घालून पाहतां आलें नाहीं, तर घरीं नेऊन पाहावें व न बसल्यास बदलून आणावें. अथवा बदलून मिळत नसेल, तर दुकानांतच नीट पाहून घ्यावें. जगांत सर्वत्र गिऱ्हाइकास या दोहोंपैकीं एक तरी वाट मोकळी असते. येथें दोन्ही एकदम बंद झाल्या. कपडा बसला तर बसला, न बसला तर गेला, असा तो व्यवहार झाला.

कपड्यांची अशी भीति सरकारास कां वाटली? ही भीति नवी नव्हे. १८९६ सालीं मुंबईस व पुढील वर्षीं पुण्यास प्लेग आला, तेव्हां रोग्यांच्या घरांतील कपडे व अंथरुणें जाळण्यांत आलीं, आणि त्यामुळें लोकांचीं मनें किती दुखावलीं हें मुलांनीं इतिहासांत वाचलेंच असेल. पुढें १८९८ सालीं पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, प्लेग उंदरावरील पिसवेच्या दंशानें पसरतो. पिसू कापडाच्या घडींत दडून राहूं शकते. तेव्हां कपड्यांचें भय अगदींच निराधार नव्हतें. याहून बोधप्रद गोष्ट ट्युनिस शहरांतील शार्ल निकोल या डॉक्टराची आहे. त्यानें पाहिलें कीं, टायफस तापाचा रोगी इस्पितळाच्या दारापर्यंत येईतों भोंवतालच्या लोकांस रोग देतो, त्याचे कपडे उचलणाऱ्या नोकरांसही रोग जडतो; परंतु रोग्यास न्हाऊं घालून इस्पितळाचे कपडे दिले म्हणजे शेजारच्या खाटांवरील लोकांस त्यापासून कांहीं होत नाहीं. दारापाशीं काय मागें राहिलें? रोग्याचे कपडे, आणि कपड्यांतील ऊ. १९०९ सालीं त्यानें हें प्रयोगानें सिद्ध केलें व त्याबद्दल त्यास १९२८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. (हा टायफस निराळा आणि आपल्याकडील टायफॉइड, म्हणजे विषमज्वर, निराळा. नांवांच्या सारखेपणानें विद्यार्थ्यांनीं फसूं नये. परीक्षेंत पुष्कळ फसतात.)

परंतु ऊ व पिसू हे सजीव कीटक आहेत. तीं हालतात, चावतात, आणि कपड्यांत आसरा घेऊन जगतात. करोनाचा विषाणु तसा नव्हे. जिवंत पेशीच्या बाहेर त्याची वाढ होत नाहीं. तो बाहेर पडला कीं त्याचा ऱ्हासच सुरू होतो. प्रश्न एवढाच कीं, तो ऱ्हास किती वेळांत होतो. २०२० च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्लास्टिकवर हा विषाणु ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत व तांब्यावर ४ तासांपर्यंत टिकल्याचें आढळलें. हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनीं एप्रिलमध्यें कापडावरही प्रयोग केला. त्यांस दुसऱ्या दिवशीं कापडावर रोग देण्याजोगा विषाणु सांपडला नाहीं. उलट गुळगुळीत पोलादावर व प्लास्टिकवर तो चौथ्या दिवशींही होता. म्हणजे अंगरख्याहून त्याच्या खोक्याची प्लास्टिकची खिडकी अधिक संशयास्पद ठरली!

शिवाय हे प्रयोग प्रयोगशाळेंतील होते. तेथें विषाणूंचा मोठा थेंब मुद्दाम वस्तूवर टाकतात. खोकणाऱ्या माणसाच्या तोंडून सदऱ्याच्या बाहीवर जें पडेल, त्याचें प्रमाण त्या मानानें फारच अल्प असतें. इमॅन्युएल गोल्डमन या अमेरिकन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञानें २०२० च्या जुलैंत नेमका हाच आक्षेप घेतला, आणि वस्तूंच्या स्पर्शानें रोग होण्याचें भय प्रमाणाबाहेर वाढविलें गेलें आहे असें लिहिलें. एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेंही सांगितलें कीं, दूषित वस्तूस एकदां हात लागला असतां रोग होण्याचा संभव साधारणपणें १०,००० मध्यें १ याहून कमी आहे. जून २०२० मध्यें आज्ञा काढणाऱ्यांच्या हातीं हें सर्व ज्ञान नव्हतें; त्यांस दोष देतांना हें आम्हीं विसरतां कामा नये.

मग ट्रायल रूम बंद केली ती उगाचच काय? आमच्या मतें नाहीं. त्या खोलीचें रूप डोळ्यांपुढें आणा. जेमतेम हात पसरतां येतील एवढी जागा, तीन बाजूंस फळ्या, चौथीस पडदा किंवा दार, वारा येण्यास खिडकी नाहीं. एक माणूस आंत शिरतो, सदरा डोक्यावरून काढतो, त्याबरोबर तोंडावरील मुखपट्टीही खालीं ओढली जाते. पांच-दहा मिनिटें तो आंत श्वासोच्छ्वास करतो आणि बाहेर पडतो, तोंच दुसरा आंत जातो. हा रोग मुख्यतः श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांनीं पसरतो, आणि कोंडलेल्या हवेंत ते कण कांहीं काळ तरंगत राहतात, हें पुढें निश्चित झालें. तेव्हां धोका खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यांत फारसा नव्हता. तो त्या खोलीच्या हवेंत होता. खोली बंद केली हें योग्यच झालें, मात्र त्या वेळीं लोक समजत होते त्याहून निराळ्या कारणानें. बिचारे दुकानदार दाराच्या कड्या पुशीत बसले, आणि खोलीस झरोका पाडण्याचें कोणास सुचलें नाहीं.

दुसऱ्या अटीचें मात्र असें समर्थन होत नाहीं. इंग्लंडमध्यें १५ जून २०२० रोजीं कपड्यांचीं दुकानें पुन्हां उघडलीं. तेथील सरकारनेंही शक्य तेथें अशा खोल्या बंद ठेवण्यास सांगितलें. परंतु परत आलेल्या मालाविषयीं तेथील सूचना निराळी होती: तो ७२ तास वेगळा ठेवावा अथवा स्वच्छ करावा, आणि मग पुन्हां विक्रीस मांडावा. भय तेंच, रोगही तोच, परंतु एका देशांत अनिश्चिततेचा खर्च दुकानाच्या फळीनें सोसला व दुसऱ्या देशांत तो गिऱ्हाइकाच्या खिशांतून गेला. तीन दिवस माल अडकून पडणें हें दुकानदाराचें नुकसान खरें, पण त्या तीन दिवसांनंतर माल त्याचाच असतो. न बसणारा सदरा घरीं घेऊन बसलेल्या माणसास तें समाधानही नाहीं.

आपल्या सरकारच्या बाजूनेंही कांहीं सांगण्यासारखें आहे. आपल्याकडील बहुतेक दुकानें लहान. परत आलेला माल वेगळा ठेवण्यास त्यांजपाशीं कोठी कोठून असणार? बदलण्यासाठीं माणूस पुन्हां बाजारांत आला म्हणजे गर्दीही तितकीच वाढणार, आणि त्या दिवसांत रोग्यांची संख्या रोज चढत होती. हें सर्व मान्य करूनही आम्हांस वाटतें कीं, एका पिशवींत कपडा बांधून तीवर तारीख लिहावयाची व ती तीन दिवस माळ्यावर टाकावयाची, एवढें अगदीं लहान दुकानासही जमलें असतें.

या अटीची झळ सर्वांस सारखी लागली नाहीं. ज्याच्या कपाटांत दहा सदरे आहेत, त्याचा अकरावा घट्ट झाला तर तो धाकट्या भावास देतो. ज्या घरीं तीन मुलांत मिळून एकाच्याच कपड्याची सोय होणार, तेथें न बसलेला सदरा म्हणजे गेलेली मजुरी होय. अशा घरचे आईबाप शहाणपणानें एकच मार्ग धरितात: वाढत्या अंगाचा कपडा घेणें. मूल वर्षभर ढगळ अंगरख्यांत वावरतें, पुढें वर्षभर तो नेमका बसतो, आणि तिसऱ्या वर्षीं धाकट्याच्या अंगावर जातो. आपल्या आजीचीं नऊवारी लुगडीं व आजोबांचीं धोतरें यांस मात्र कोणत्याही नियमाची बाधा झाली नाहीं. ज्या वस्त्रास मापच नाहीं, तें घालून पाहण्याची गरजच काय? चोळीचें तसें नाहीं. तीस शिंप्याकडे जावेंच लागतें, आणि शिंपी माप घेणार म्हणजे तो हातभर अंतरावर येणारच.

या सर्वाचा शाळेशीं निकटचा संबंध आहे. मार्च २०२० मध्यें बंद झालेल्या शाळा टप्प्याटप्प्यानें, मधून मधून पुन्हां बंद होत, उघडल्या. ४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यांत ग्रामीण भागांतील पांचवीपासूनचे व शहरांतील आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले. म्हणजे पुष्कळ मुलांचा गणवेश दीड वर्ष खुंटीवर होता आणि मुलें मात्र वाढत होतीं. या वयांत मूल सरासरीनें वर्षास ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतें, कांहीं मुलें याहूनही अधिक. दीड वर्षांत ही वाढ ३ इंचांच्या पुढें जाते. विजारीचे पाय वर गेले, बाह्या मनगटाच्या मागें राहिल्या, यांत नवल तें काय?

तेव्हां कपडा न घालतां तो बसेल कीं नाहीं हें ठरविण्याची रीत प्रत्येकास ठाऊक असावी. ती अवघड नाहीं. सध्यां नीट बसत असलेला एक सदरा सपाट जमिनीवर पसरावा, गुंड्या लावाव्या, सुरकुत्या हातानें सारख्या कराव्या. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपनें रुंदी मोजून तिची दुप्पट करावी; हा छातीचा घेर झाला. खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजावें, मग बाहीची लांबी, मग मागच्या बाजूनें गळपट्टीपासून खालच्या काठापर्यंत. हे चार आंकडे चिठ्ठीवर लिहून दुकानांत न्यावे व नव्या सदऱ्याचीं मापें तेथील मेजावर तशींच घ्यावीं. डब्यावर छापलेल्या आंकड्यावर विसंबूं नये. एकाचा ३८ आणि दुसऱ्याचा ३८ हे सख्खे भाऊ नसतात. जुना सदरा नसेल तर अंगाचें माप घ्यावें: टेप काखेखालून छातीभोंवती न आवळतां फिरवावी, आणि जो आंकडा येईल त्याहून सदऱ्याचा घेर ३ ते ४ इंच अधिक असावा. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, त्यासाठीं आणखी थोडी जागा सोडावी. विजार घेतांना पायाच्या आंतील दुमड किती आहे हें उलटून पाहावें. दोन बोटें दुमड असेल तर ती पुढें उसवून लांबी वाढवितां येते. आणि नवा कपडा घरीं आणल्यावर एकदां साबणानें धुवूनच घालावा. करोनाच्या विषाणूभोंवतीं चरबीचें पातळ वेष्टन असतें व साबणानें तें फुटतें, हें तर झालेंच. पण महामारी नसतांही कोऱ्या कापडांत खळ व रंग असतात, आणि ट्रायल रूमचे पडदे पुन्हां लागल्यापासून आपल्यापूर्वीं तो सदरा कितीजणांनीं घालून पाहिला असेल, कोण सांगणार?