ढेकर निघेपर्यंत दयाळ

साहित्य फार नाही. एक तान्हं बाळ, बापाचा खांदा, खांद्यावर टाकायला सुती दुपटं, बाळाला टोपरं आणि जाळी बसवलेली गॅलरी किंवा खिडकी. समोर झाड असेल तर उत्तम, नसेल तर आसपास कुठेतरी असलं तरी भागतं. दुर्बीण कपाटातच राहू द्या. ८ बाय ४२ची दुर्बीण धरायला दोन्ही हात लागतात. नव्या बापाचा एक हात बाळाच्या बुडाखाली आणि दुसरा मानेमागे अडकलेला असतो, डोळे जागरणाने तारवटलेले असतात. मोकळे राहतात ते कान. ‘मूल झालं आणि पक्षिनिरीक्षण सुटलं’ म्हणणाऱ्यांनी तेवढ्यावर काम भागवायला शिकावं. पुढची कृती पुण्यातल्या फ्लॅटच्या हिशेबाने सांगतो आहे. इतर गावांत पक्षी थोडे बदलतील.

वेळ पहाटेच्या दुधानंतरची. आईने पाजलं की बाळ तुमच्याकडे घ्या आणि तिला झोपू द्या. बाळाला खांद्याशी उभं धरून पाठीवर हलक्या हाताने थोपटायचं. ढेकर निघाला तरी लगेच आडवं करू नये, दूध बाहेर येतं; आणखी दहा-पंधरा मिनिटं तसंच धरावं. पक्षी सगळ्यात जास्त गातात तीही हीच वेळ. वारा पडलेला असतो, रस्ता शांत असतो, आवाज लांबून स्पष्ट येतो. पक्ष्यांसाठी बाळाला उठवायचं मात्र नाही. झोपलं असेल तर तुम्हीही झोपा.

गार वारा असेल तर दार लावून खिडकीची एक काच सरकवा. डासांसाठी जाळीच बरी, कॉइलचा धूर बाळाला नको. जाळीमागे फोटो बिघडतो, ऐकण्याला काही बाधा येत नाही. सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही असं आजींनी बजावलं असेल तर वाद घालू नका. गॅलरी घरातच मोडते.

पहिले काही दिवस कुठलंही नाव शोधू नका. आधी वजाबाकी करा. पाण्याचा पंप, दुधाच्या क्रेट, एसीच्या डब्यावर घुमणारे पारवे, कावळे, साळुंक्या हे सगळं ओळखून बाजूला काढलं की उरतं ते ऐकायचं. कावळ्यांतही भेद आहे: डोमकावळ्याचा आवाज गावकावळ्यापेक्षा जाड आणि घोगरा.

मग एका वेळी एकच पक्षी घ्या. सुरुवात शिंप्यापासून करावी, कारण तो बाराही महिने ओरडतो आणि देहाच्या मानाने आवाज अचाट. टुविट-टुविट-टुविट, एकाच पट्टीत, थांबायचं नाव नाही. त्याच झुडपात राखी वटवट्या असेल तर तो उडताना चट्-चट् असा आवाज येतो, बटण खराब झाल्यावर स्विचमधून येतो तसा. एकदा ऐकला की विसरत नाही. कोकीळ कोणालाही येतो, पण कुहू नराचा. मादीचं तीक्ष्ण किक्-किक्-किक् वेगळं लक्षात ठेवा. तांबटाची टुक्-टुक् भर दुपारीही चालू असते, तेव्हा तो पहाटेऐवजी दुपारच्या पाळीसाठी राखून ठेवला तरी चालेल.

खरा मानकरी दयाळ. मार्च ते जून नीट उजाडायच्याही आधी तो अँटेनावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून गायला लागतो. काळा-पांढरा, शेपटी वर. एक ओळ दोन-तीनदा म्हणतो, थांबतो, पुढची ओळ बदलतो. मध्येच दुसऱ्या पक्ष्याची नक्कलही घुसडतो. शिंप्याचं रटाळ टुविट आणि दयाळाची बदलती ओळ यांतला फरक कळला की निम्मं काम झालं. बाळ नोव्हेंबरातलं असेल तर दयाळाची वाट पाहू नका, थंडीत तो जवळजवळ गप्प असतो. त्या दिवसांत पाहुणे ऐका: धोबी, किंवा फांदीवरून टिर्रर करणारी लाल कंठाची माशीमार.

रात्री दोनच्या जागरणातही ऐकण्यासारखं असतं. टिटवी जमिनीवर अंडी घालते, म्हणून कुत्रं किंवा माणूस जवळ आलं की रात्रीसुद्धा कलकलाट करते. घरातलं कोणी अपशकुन म्हणालं तर हे कारण सांगा. भारद्वाज दिसला की शुभ आणि टिटवी ओरडली की अशुभ, हा टिटवीवर निव्वळ अन्याय आहे.

मोबाइलवर मर्लिन हे अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवतं. आधी स्वतः अंदाज बांधा, मग ते बघा. भारतातल्या पक्ष्यांचा संच दिवसाच उतरवून ठेवा, पडद्याचा उजेड कमी करा. नकलेला ते फसू शकतं, म्हणून एकदा दाखवलेलं नाव पक्कं धरू नये. रेकॉर्ड केलेली हाक वाजवून पक्ष्याला बोलावणं पूर्ण वर्ज्य. विणीच्या दिवसांत तो हद्दीच्या भांडणासाठी धावून येतो आणि घरट्याचं काम सोडून बसतो.

नोंद वेगळ्या वहीत नको. दुधाच्या आणि लंगोटांच्या वेळा फ्रिजवरच्या ज्या कागदावर लिहिता, त्यातच लिहा: ‘५.४० दूध, शी, शिंपी, दयाळ’. दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. त्यात किमान १५ मिनिटं एका जागी मोजणी करायची असते आणि नुसता ऐकलेला पक्षीही धरतात. म्हणजे एका ढेकरात एक यादी होते.

बाळाला ‘तो बघ’ म्हणून बोट दाखवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला त्याला २०-३० सेंटिमीटरवरचंच जरा बरं दिसतं, म्हणजे तुमचा चेहरा. कान मात्र जन्मापासून चालू असतात. दयाळ जवळून सुरू झाला की कपाळावर बारीक आठी येते, सदऱ्याची कॉलर धरलेली मूठ सैल पडते; कुकरच्या शिट्टीला दोन्ही हात झटकन फाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास मान आवाजाकडे वळायला लागते. मोठ्या आवाजालाही दचकत नसेल, किंवा जन्मानंतर कानांची तपासणी राहिली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हे पुढे ढकलू नये.

मान धरू लागलं की झोळीत घालून वेताळ टेकडीवर जाता येईल. चेहरा उघडा दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, ऊन चढायच्या आत परत. भिगवणचे रोहित पुढच्या हिवाळ्यात.

मे सरता सरता टेकडीकडून पावशाची ‘पेरते व्हा’ येऊ लागते. तेव्हापासून गॅलरीतले लंगोट संध्याकाळी आठवणीने आत घ्या.