त्याच्या आधी तू जा

माझ्या बाई, तू विचारलंस, "ताई, यांना दारूच्या दवाखान्यात न्यायला कसं तयार करू? ऐकतच नाहीत." आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात हा प्रश्न मी कितीतरी बायांच्या तोंडून ऐकते. सोयाबीन विकून पैसे हातात आले की ऐकते, पावसानं सोयाबीन बुडवलं की आणखी ऐकते. "त्याले सांगून सांगून थकली वो बाई," म्हणून डोळे पुसणारी प्रत्येक जण त्याच्या 'हो'ची वाट बघत असते. कुणी वर्षभर, कुणी अख्खा संसारभर. तुला मी तसं बसू देणार नाही. त्यानं हो म्हणो की नाही म्हणो, मदत घ्यायला आधी तू जा.

"मी कायले जाऊ, पेते तर तो!" असं मनात आलं ना? येणारच. पण जरा स्वतःकडे बघ. दिवेलागण झाली की तुझे कान फाटकाकडे लागतात. पावलांच्या आवाजावरून आज किती घेतली ते तुला कळतं. भाकर घशाखाली उतरत नाही, झोप लागत नाही, लेकरांवर उगाच हात उगारला जातो आणि मग तूच रडतेस. डोकं दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणतेस. दारू एकाच्या पोटात जाते, पण आजारी सगळं घर पडतं. मग औषधपाणी सगळ्या घराला नको का?

आणखी एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. त्याची उधारी तू फेडतेस. कामावर गेला नाही की "ताप आहे" असा निरोप तू धाडतेस. माहेरी सगळं बरं असल्याचं तू भासवतेस. यात तुझी माया आहे, घराची अब्रू राखायची धडपड आहे, ते मला दिसतं. पण यामुळे त्याच्या पिण्याचा चटका त्याला बसतच नाही, तो तुला बसतो. काय सांभाळायचं आणि काय सोडून द्यायचं, हे रात्री एकटीनं जागून ठरत नाही. त्यासाठी जाणत्या माणसासमोर बसून बोलावं लागतं. समुपदेशन म्हणतात ते हेच.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ही गोष्ट फार आधी ओळखली गेली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी ते केंद्र उभं केलं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते ते सुरू झालं, आणि पु. ल. व सुनीताबाईंनी त्यासाठी पैशाचं बळही दिलं. तिथं पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. बायका एकत्र बसतात आणि बोलतात. पिणारा सुधारला की मग बायकोचं बघू, अशी वाट तिथं कुणी बघत नाही.

तू म्हणशील, ते पुण्याचं झालं. मग आपल्या अमरावती जिल्ह्यातलंच ऐक. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ होरपळत असताना इथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि साध्या समुपदेशकांना शिकवून तयार केलं. ते घरोघरी, गटागटांत जाऊन ताण, उदासी, दारू यांवर मोकळेपणी बोलायचे. ज्याचा त्रास जास्त त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे. सुरुवातीला उदासीच्या आजारानं त्रासलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. १८ महिन्यांनी ते प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या जगभर मानल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापून आला. मला त्यातून एवढंच घ्यायचंय: आपल्यासारख्याच कोरडवाहू गावांतली, पऱ्हाटी-तूर-सोयाबीन करणारी माणसं, समोरून कुणी नीट विचारल्यावर बोलायला आली. आपल्या लोकांना मन मोकळं करता येत नाही, हे खरं नाही.

समुपदेशन म्हणजे "जास्त इचार नको करू" असा उपदेश नव्हे. तो उपदेश तुला सगळ्यांनी करून झालाय, आणि विचार काही थांबले नाहीत. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं थोडक्या प्रशिक्षणानं तयार केलेल्या साध्या माणसांकडून समुपदेशन करवून बघितलं. उदासीसाठी सहा ते आठ बैठका, दर बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. त्यात माणूस काय काय करायचं सोडून बसलाय ते शोधतात आणि एकेक गोष्ट पुन्हा हाती घ्यायला लावतात. शेजारणीकडे जाणं, बचत गटाच्या मीटिंगला बसणं, दोन वेळ नीट जेवणं. जी अडचण सुटण्यासारखी आहे, तिच्यावर दोघं मिळून तोड काढतात. जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठीही त्यांनी जास्तीत जास्त चार बैठकांची पद्धत तपासली. दोन्हींचा गुण आल्याचं २०१७ मध्ये छापून आलं. म्हणजे नुसतं बोलण्यानं काय होतं, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

आता जायचं कुठं? पहिली पायरी तुझ्या गल्लीतच आहे, तुमची आशाताई. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प आला, त्यात आपला जिल्हा आहे. ताणातली घरं ओळखायचं काम त्यात आशांकडे दिलं. तिला बाजूला घेऊन सांग. पुढची पायरी ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टरला झोप, डोकेदुखी एवढंच सांगून परत येऊ नकोस, घरातल्या दारूचंही सांग. त्याही पुढं अमरावतीचं जिल्हा रुग्णालय, आपण सगळे ज्याला इर्विन म्हणतो ते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं कुठं बसतात, ते तिथं केसपेपरच्या खिडकीवर विचार.

बसभाड्याची सोय नसेल, सासू विचारेल "कुठं चालली", तर फोन आहे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्रंदिवस, फुकट, मराठीत. दारू-गांजासाठी केंद्र सरकारचा वेगळा नंबर आहे, १४४४६. काय बोलायचं, असं वाटेल. एवढंच बोल: "माझा नवरा रोज पितो, मला झोप लागत नाही, मला काय करता येईल?" पुढचं ते विचारतील. शहरांत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरतात आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या. तिथं फी नसते, आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा त्यांचा नियमच आहे.

तू जायला लागलीस की त्याच्याशी बोलायची तुझी रीत बदलेल. पिऊन आलेल्याशी वाद घालू नकोस, त्या वेळी ऐकणारं कुणी नसतं. सकाळी, चहाच्या वेळी, लेकरं शाळेत गेल्यावर बोल. "तुम्ही असे, तुमचं खानदान असं" हे नको. "परवा तुम्ही रस्त्यात पडलात, मुलगी घाबरून रात्रभर झोपली नाही. मी डॉक्टरकडे जाऊन आले, तुम्हीही एकदा चला," एवढं पुरे. नाही म्हणाला तर नाही. पुन्हा आठवड्यानं बोल.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नकोस. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवतो म्हणून जी पावडर विकतात, ती भाजीत मिसळू नकोस. त्यात काय असतं कुणास ठाऊक, आणि दारूविरोधी गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम घसरून जीवावर बेततं. ते औषध डॉक्टरनं, पिणाऱ्याला सांगून, तपासूनच द्यायचं असतं. दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडायला लावू नकोस. अशी तोडली की पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरतात, घाम सुटतो, झटके येऊ शकतात, नसलेली माणसं दिसू लागतात. गावात त्याला बाहेरची बाधा समजतात आणि माणसाला भगताकडे नेतात, त्यात जीव जातो. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. माळ घातल्यानं मन घट्ट होत असेल, तर जरूर घालावी, पण शरीराला त्या दिवसांत डॉक्टरच लागतो. आणि कोंडून, मारून दारू सोडवणाऱ्या जागी त्याला टाकू नकोस. आधी स्वतः जाऊन बघ, डॉक्टर कोण आहे ते विचार, भेटू देतात का ते विचार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "आता काही खरं नाही," "माझ्यामागं तुमचं बरं होईन," असं तो बोलू लागला, किंवा एकाएकी गप्प झाला, लोकांचे हिशेब मिटवू लागला, तर सरळ विचार: "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं ते मनात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. त्या वेळी त्याला एकटं सोडू नकोस. फवारणीचं औषध घरात, हाताशी ठेवू नकोस. कुलपात ठेव आणि किल्ली तुझ्याकडे किंवा शेजाऱ्याकडे दे. तो झटका बरेचदा थोड्या वेळाचा असतो, त्या वेळात विष हाती लागलं नाही की माणूस वाचू शकतो. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नकोस. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलेलं आहे. आणि हे विचार तुझ्या मनात येत असतील, तर तेही आजच सांग. मला सांग, आशाताईला सांग, १४४१६ वर सांग.

तो मारत असेल, तर ते दारूच्या नावावर माफ करू नकोस. दारू हा आजार आहे, मार खाणं हा त्यावरचा उपचार नाही. ११२ लाव, लेकरांना घेऊन बाहेर पड. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तुला त्या घरात राहायचा आणि संरक्षण मागायचा हक्क दिलाय. लेकरांनाही जवळ घेऊन सांग की बाबा पितात त्यात तुमची काही चूक नाही. लेकरं बोलत नाहीत, पण दोष स्वतःकडे घेतात.

"लोक काय म्हणतीन?" हेच तुला अडवतंय, मला माहीत आहे. पण याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. त्यांनी भर कीर्तनात लोकांना दारूबद्दल, कर्जाबद्दल प्रश्न विचारले, उत्तरं द्यायला लावली. जे त्यांनी हजारोंसमोर बोलून दाखवलं, ते आपण एका आशाताईसमोर बोलायला कशाला लाजायचं? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ आणि त्यांच्या बायका आपल्यासारख्याच घरांत गप्प बसलेल्या आहेत.

तो कदाचित तुझ्यामागून येईल, कदाचित नाही. आला, बरा झाला आणि पोळ्याला किंवा एखाद्या लग्नात पुन्हा प्यायला, तरी सगळं संपलं असं समजू नकोस. या आजारात असं होतं, पुन्हा उपचाराला बसायचं असतं. पण तो कुठंही असला तरी तू झोपायला लागशील, जेवायला लागशील, लेकरांना जवळ घ्यायची ताकद तुझ्यात येईल. तेवढ्यासाठीसुद्धा जाणं सार्थकी लागेल. तेव्हा उद्या तो शेतावर गेला की आशाताईचं घर गाठ. एकटीला जड वाटत असेल तर मला निरोप दे, मी सोबत येते.